घरचा सामना, बाहेरगावी

मुंबई इंडियन्सने आयपीएल पाच वेळा जिंकली. २०१३ आणि २०१५ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, २०१७ आणि २०१९ मध्ये हैदराबादला आणि २०२० मध्ये थेट दुबईत. वानखेडेवर एकदाही नाही. फुटबॉलच्या आयएसएलमध्ये मुंबई सिटीची कथा वेगळी नाही. २०२१ मधली लीग शील्ड आणि करंडक, दोन्ही गोव्यात. २०२३ ची शील्ड पुन्हा गोव्यात, फातोर्ड्याला. २०२४ चा करंडक कोलकात्यात. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या चाहत्याने हे सगळे जल्लोष सोफ्यावर बसून केले आणि फटाके सोसायटीच्या आवारात फोडले.

म्हणून २०२५ च्या शरद ऋतूत स्पेन आणि इटलीत ‘आमच्या लीगचा सामना परदेशात नेऊ नका’ म्हणून रान उठलं, तेव्हा इथल्या चाहत्याला त्या भांडणात आपली जागा पटकन सापडेना. एका बाजूने पाहिलं, तर ज्याच्या अंगणातला सामना उचलून नेला जातो तो हाच. दुसऱ्या बाजूने, ज्या ‘जगभरातल्या चाहत्यां’साठी सामना परदेशात न्यायचा म्हणतात, तोही हाच. पहाटे दीडला चॅम्पियन्स लीग पाहून सकाळी ७.५० ची फास्ट पकडणारा.

युरोपातलं भांडण आधी थोडक्यात. फेब्रुवारी २००८ मध्ये इंग्लिश प्रीमियर लीगचे प्रमुख रिचर्ड स्क्युडमोर यांनी ३८ फेऱ्यांच्या हंगामाला आणखी एक फेरी जोडून ती जगातल्या वेगवेगळ्या शहरांत खेळवायची कल्पना मांडली. इंग्लंडमधल्या प्रेक्षकांनी तिच्या चिंधड्या केल्या. प्रत्येक संघाशी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या मैदानावर, हा लीगचा सरळ हिशेब. त्यात ३९वा सामना घुसला, की कुणाला दुबळा प्रतिस्पर्धी तिसऱ्यांदा मिळणार, कुणाला बलाढ्य. फिफाचाही विरोध झाला आणि कल्पना बारगळली.

दहा वर्षांनी स्पेनच्या ला लीगाने वेगळी वाट काढली. जादा फेरी नको, आहे त्यातलाच एक सामना न्यायचा. लीगचे अध्यक्ष हावियर तेबास यांनी २०१८ मध्ये रेलेव्हंट या अमेरिकी कंपनीशी १५ वर्षांचा करार केला. जानेवारी २०१९ मधला जिरोना-बार्सिलोना सामना मायामीत होणार होता. खेळाडूंची संघटना, स्पॅनिश महासंघ आणि फिफा असे तिघेही आडवे आले, आणि डिसेंबरात बार्सिलोनानेच अंग काढून घेतलं. पण रेलेव्हंटने अमेरिकेत दावा लावला होता. त्या दाव्यातून सुटताना २०२४ मध्ये फिफाला आपल्या नियमाचा फेरविचार मान्य करावा लागला. बंद दार तिथून किलकिलं झालं.

६ ऑक्टोबर २०२५ रोजी युएफाने ‘खेदाने आणि अपवाद म्हणून’ दोन सामन्यांना परवानगी दिली. विलारेयाल विरुद्ध बार्सिलोना मायामीत, आणि मिलान विरुद्ध कोमो ऑस्ट्रेलियात, पर्थला. मिलानच्या बाबतीत निदान कारण होतं: हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनामुळे फेब्रुवारीत सान सिरो मोकळं नव्हतं. त्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडायची गरज होती का, हा वेगळा प्रश्न. मिलानचा मधल्या फळीतला खेळाडू आद्रियाँ राबियो याने हा प्रकार शुद्ध वेडेपणा असल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्यावर इटालियन लीगचे मुख्याधिकारी लुइजी दे सिएर्वो यांनी त्याला आठवण करून दिली, की लाखोंचा पगार घेणाऱ्याने पगार देणाऱ्याचा मान ठेवावा. मला वाटतं, या सगळ्या वादातलं सर्वांत प्रामाणिक विधान तेच. कुणाच्या सांगण्यावरून सामना उठतो, हे त्यात उघड झालं.

स्पेनमध्ये ऑक्टोबरच्या त्या फेरीत खेळाडू शिट्टी वाजल्यावर १५ सेकंद जागच्या जागी उभे राहिले. टीव्हीवर त्या वेळी स्टेडियमचं बाहेरून दृश्य दाखवलं गेलं. निषेध लपवण्याच्या या धडपडीनेच निषेधाला जास्त प्रसिद्धी मिळाली. २१ ऑक्टोबरला मायामीचा सामना रद्द झाला आणि डिसेंबरात तो विलारेयालच्याच मैदानावर खेळला गेला. पर्थचा बेतही डिसेंबरात मोडला. म्हणजे आजपर्यंतचा निकाल पाहिला, तर युरोपातल्या मोठ्या लीगचा गुणांचा एकही सामना दुसऱ्या खंडात झालेला नाही. सुपर कपाची गोष्ट वेगळी. इटलीने तो १९९३ मध्येच वॉशिंग्टनला नेला होता, स्पेनने २०२० पासून सौदी अरेबियात मांडला. करंडकाचा एखादा सामना गेला तर लोक कुरकुरतात आणि गप्प बसतात. लीगचा गेला की पेटतात, कारण लीगमध्ये प्रत्येक घरच्या सामन्याचे पैसे प्रेक्षकाने हंगामाच्या आधीच मोजलेले असतात.

विलारेयाल हे साधारण ५० हजार वस्तीचं गाव. त्याच्या स्टेडियममध्ये गावाच्या निम्म्याच्या आसपास लोक बसतात. अशा गावाकडून बार्सिलोनाचा सामना काढून घ्यायचा म्हणजे वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस काढून घ्यायचा. क्लबने हंगामी तिकीटधारकांना मायामीचा मोफत प्रवास देऊ केला, न जाणाऱ्यांना तिकिटात सवलत. गाव खूश झालं नाही. आता शेजारी आपले आकडे ठेवा. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख, ठाण्याची सुमारे साडेअठरा लाख. या ३१ लाखांत व्यावसायिक लीगचा फुटबॉल सामना होईल असं मैदान एकही नाही. आपल्याकडून काढून नेण्यासारखा घरचा सामनाच नाही, आणि इथल्या प्रतिक्रियांचं मूळ मला त्यात दिसतं.

इथल्या प्रतिक्रिया म्हणजे काय, तर घोडबंदर रोडच्या टर्फवर रात्री दहानंतर चालतात त्या गप्पा आणि लोकलच्या दारातले वाद. युरोपच्या चाहत्याला इथे सहानुभूती मिळते, पण ती जरा हात राखून. बार्सिलोनाचा डोंबिवलीकर चाहता पहिल्यांदा विचारतो, मायामी का, मुंबई का नाही? प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्यात मोठा हिशेब आहे. प्रीमियर लीगने २०२५ मध्ये मुंबईत कार्यालय उघडलं. ला लीगाचं कार्यालय त्याआधीपासून भारतात आहे. शनिवारचा इंग्लंडमधला दुपारी साडेबाराचा सामना आपल्याकडे पाचला किंवा सहाला दिसतो, चहाच्या वेळी, आणि आशियातला प्रेक्षक त्या वेळेच्या गणितात असतोच. म्हणजे घड्याळ आपल्यासाठी कधीच हललं. सामना मात्र न्यायचा झाला, तेव्हा यादीत मायामी, पर्थ, जेद्दा आणि रियाध. प्रेक्षकसंख्या आपली आणि तिकिटं त्यांची. डोंबिवलीहून पाहिलं तर मायामी विलारेयालपेक्षा जवळ नाही, आणि अमेरिकेचा व्हिसा मिळवणं ही स्वतंत्र स्पर्धा आहे.

मग जे म्हणतात ‘दूरच्या चाहत्याचाही हक्क आहे’, त्यांचं काय? हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याने पंधरा वर्षं झोपमोड करून एका क्लबवर जीव लावला, त्याला ‘तू त्या गावचा नाहीस’ असं म्हणणं उर्मटपणाचं आहे. पण त्या हक्कासाठी गुणांचाच सामना कशाला? जुलै २०१८ मध्ये जिरोना कोचीत येऊन खेळून गेली, केरळ ब्लास्टर्सला ५-० हरवून. सरावाचा सामना, कुणाचं काही हिरावलं नाही, आणि केरळच्या पोरांनी स्पॅनिश संघ डोळ्यांनी पाहिला. गंमत म्हणजे मायामीला जाऊ न शकलेली जिरोना ती हीच.

आता आपल्या घरचं. लीग परदेशात नेण्याचा अनुभव आपल्याइतका कुणालाच नाही, फक्त तो क्रिकेटचा आहे. २००९ मध्ये लोकसभा निवडणूक आणि आयपीएल एकाच वेळी आली. २६/११ ला काही महिनेच झाले होते, मार्चमध्ये लाहोरला श्रीलंकेच्या संघावर हल्ला झाला होता, आणि सरकारने सुरक्षेची हमी द्यायला नकार दिला. चार आठवड्यांत अख्खी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेला गेली. तिथे सामने दुपारी साडेबारा आणि साडेचारला सुरू होत, म्हणजे आपल्याकडे नेमके चार आणि आठ. मैदान परक्या देशात गेलं, पण वेळ ठाण्याच्या दिवाणखान्याची राहिली. म्हणूनच त्या वर्षी इथे फार आरडाओरड झाली नाही. वानखेडेवर तिकीट मिळणाऱ्यांची संख्या मुळात मूठभर. बाकीच्यांना सामना दरबानहून आला काय आणि चर्चगेटहून आला काय, रिमोट तोच.

२०१४ मध्ये मात्र वेगळं काही दिसलं. पुन्हा निवडणूक, म्हणून पहिले २० सामने अमिरातीत. मुंबई इंडियन्स तिथले पाचही सामने हरली. मेच्या सुरुवातीला स्पर्धा भारतात परतली आणि २५ मेला वानखेडेवर राजस्थानविरुद्ध तो सामना झाला: बाद फेरी गाठायला १४.३ षटकांत १९० करायचे, धावा बरोबरीत अडकल्या, पुढच्या चेंडूवर चौकार हवा आणि आदित्य तरेचा षटकार. समोरच्या संघात डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे होता, त्यामुळे डोंबिवलीत काही घरांत आनंदाची वाटणी झाली. घरच्या मैदानाचा फरक काय असतो, याचा पुरावा म्हणून मी तो सामना पुढे करीन. कुणी म्हणेल मुंबईचा फलंदाज कोरी अँडरसन याने अबुधाबीतही तेच केलं असतं. केलं असतं, कदाचित. पण अमिरातीतल्या पाच सामन्यांत कुणी केलं नाही.

२०१६ ची गोष्ट सामना बाहेर नेण्याच्या सगळ्या चर्चेत कुणी आणत नाही, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. मराठवाड्यात दुष्काळ, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी. १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सगळे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. खेळपट्टीसाठी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू, असं संयोजक म्हणत होते. न्यायालयाला ते पटलं नाही. मुंबई आणि पुणे संघांनी विशाखापट्टणमला बिऱ्हाड हलवलं, अंतिम सामना मुंबईहून बंगळुरूला गेला. ठाणे जिल्ह्यात त्या उन्हाळ्यात पाणीकपात कडक होती. कल्याण-डोंबिवलीत आठवड्यातले काही दिवस नळ कोरडे. त्या दिवसांत इथल्या क्रिकेटवेड्या घरांतूनही निर्णयाला विरोध ऐकू आला नाही. काहींनी एवढंच विचारलं, की स्टेडियमचं पाणी वाचून लातूरला कसं पोचणार. रास्त प्रश्न होता. तरीही सामना जाण्याला लोक हरकत घेतात ती कारण पाहून घेतात, हे त्या वर्षी कळलं. तहानेपुढे सामना सोडता येतो, पण जाहिरातदाराच्या सोयीसाठी सोडायला जीव होत नाही. विलारेयालचा माणूसही याहून वेगळं काही म्हणत नव्हता.

करोनाचा काळ इथे फार उगाळत नाही. आयपीएल २०२० ची पूर्ण आणि २०२१ ची अर्धी अमिरातीत, आयएसएलचे दोन हंगाम पूर्ण गोव्यात. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात बिपिन सिंगने शेवटच्या मिनिटाला एटीके मोहन बागानविरुद्ध गोल केला, २-१, मुंबई सिटीचा पहिला करंडक, आणि स्टेडियम रिकामं. २०२२ मध्ये चक्र उलटं फिरलं. आयपीएलचे साखळीतले सगळे ७० सामने वानखेडे, ब्रेबॉर्न, डी. वाय. पाटील आणि पुण्याजवळच्या गहुंज्यात. ठाण्याचं दादोजी कोंडदेव स्टेडियम संघांच्या सरावाला दिलं गेलं. चेन्नई, कोलकाता आणि बंगळुरूच्या चाहत्यांच्या नशिबी साखळीचे शून्य सामने. त्या उन्हाळ्यात ठाण्याहून नेरुळची लोकल भरून जायची, आणि ‘चेन्नईवाल्यांवर अन्याय झाला’ असं म्हणणारा एकही ठाणेकर मला भेटला नाही. दुसऱ्याच्या अंगणातला सामना आपल्या अंगणात आला की तत्त्व जरा बाजूला बसतं. देवाची काठी अशी, की ज्या वर्षी सगळं घरी खेळलं त्याच वर्षी मुंबई इंडियन्स पहिले आठ सामने हरून तळाला गेली.

कबड्डीचं दुखणं जास्त खोल आहे, पण त्याचा गवगवा कमी. जो खेळ ठाणे जिल्ह्याच्या गल्लीबोळांत रुजला, त्याच्या प्रो लीगचा २०२५ चा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाला. महाराष्ट्राचे दोन संघ, पुणेरी पलटण तर अंतिम फेरीत, आणि महाराष्ट्रात एकही सामना नाही. याविरुद्ध कुणी १५ सेकंद उभं राहिलं नाही.

उभं कोण राहतं, हे पाहायचं तर कोल्हापूरला जावं. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस. संघ पेठांचे आणि तालमींचे, मैदान राजर्षी शाहू स्टेडियम. तिथे पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ सामना असला, की दुपारपासून पेठा ओस पडतात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. हा सामना ‘फुटबॉलच्या प्रसारासाठी’ मुंबईला, अगदी पुण्याला न्यायचं कुणी बोलून पाहावं. स्पेनमधल्या निषेधाचं मर्म मराठी वाचकाला समजावायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. तो सामना दुसरीकडे नेला तर खेळाडू तेच, चेंडू तोच, नियम तेच, आणि तरी मागे काही उरणार नाही. कोल्हापुरातल्या त्या गर्दीने अनेकदा हाणामाऱ्याही केल्या आहेत, हे सांगायला हवं. मूळ घट्ट असण्याची ती किंमत आहे.

डोंबिवली-कल्याण या बाबतीत कोल्हापूरच्या दुसऱ्या टोकाला. इथे जवळपास प्रत्येकाचं ‘घर’ आणखी कुठेतरी आहे, रत्नागिरीत, साताऱ्यात, उडुपीला, त्रिशूरला. केरळ ब्लास्टर्स अंधेरीला मुंबई सिटीशी खेळायला आली, की स्टॅंड पिवळे होतात. त्यात डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यातली मल्याळी मंडळी मोठ्या संख्येने असतात. कागदावर तो मुंबईचा घरचा सामना. पण केरळीय समाजमच्या शाळेत शिकून मोठ्या झालेल्या डोंबिवलीकर मुलाला तो वर्षातून एकदा भेटणारा आपल्या घरचा सामना असतो. मुंबई सिटीच्या वेस्ट कोस्ट ब्रिगेड या चाहत्यांच्या गटाला आपल्याच मैदानात आवाज चढवावा लागतो. परदेशी सामन्यांचे समर्थक ज्या दूरच्या चाहत्याचं नाव घेतात, तो खरा असतो, हे इथे दिसतं. पण हेही दिसतं, की त्याच्यासाठी वेगळा सामना उचलून आणावा लागला नाही. लीगच्या साध्या घर-बाहेरच्या फेऱ्यांतच त्याचा वाटा होता.

राहता राहिला मुंबई सिटीचा मराठी चाहता. २०१४ आणि २०१५ मध्ये संघ नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर खेळायचा. ठाणेकराला ऐरोली-घणसोली मार्गे एकच गाडी, डोंबिवलीकराला ठाण्याला एक बदल. २०१६ पासून मैदान अंधेरीच्या क्रीडासंकुलात, आणि तेही सात-आठ हजार प्रेक्षकांचं. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर. जाताना ठीक. आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेसातचा सामना साडेनऊला संपतो, मेट्रोच्या रांगेत अर्धा तास, घाटकोपरला कल्याण गाडीची वाट, आणि घरी पोचेस्तोवर तारीख बदलायला आलेली. आशियाई चॅम्पियन्स लीगला तर २०२३ मध्ये तीनपैकी दोन ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला झाले, फक्त सौदीच्या अल हिलालविरुद्धचा नेरुळला. नेमार येणार म्हणून अल हिलालच्या सामन्याची महिनोन्महिने चर्चा, आणि ऑक्टोबरात त्याच्या गुडघ्याला दुखापत. तरी लोक गेले. पुढे आयएसएलचा २०२५-२६ चा हंगामच वेळेवर सुरू झाला नाही आणि डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

हे सगळं मांडल्यावर माझा कौल स्पष्ट आहे. गुणांचा सामना परदेशात नेऊ नये. निवडणूक, साथ, दुष्काळ असली खरी अडचण असेल तर जरूर न्यावा. विस्तार, बाजारपेठ, ब्रँड या कारणांसाठी नाही. आणि हे मी बार्सिलोनाच्या दूरच्या चाहत्यांच्या गावात राहून म्हणतो, विलारेयालमध्ये राहून नाही.

पण इथल्या चाहत्याने युरोपचं भांडण पाहून स्वतःच्या मागण्या विसरू नयेत. मुंबईच्या संघाने हंगामातले दोन-तीन सामने नेरुळला ठेवावेत, शनिवार-रविवारी, संध्याकाळी पाचला. डोंबिवलीचं सावळाराम महाराज क्रीडासंकुल, कल्याणचं सुभाष मैदान, ठाण्यातलं सेंट्रल मैदान, यांपैकी निदान एकावर बारा महिने फुटबॉलच्या रेषा आखलेल्या राहाव्यात, मंडप आणि सभांसाठी त्या पुसल्या जाऊ नयेत. पुढच्या वेळी नगरसेवक मतं किंवा वर्गणी मागायला दारात आले, तर गटार आणि रस्त्याबरोबर मैदानाचंही विचारा.